नऊ बाराचा आकडा

"म्या निजलो की आकडा कोन बघनार?" तातोबा मगदूमांनी विचारलं.

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटला भेटायचं, दात हलतात का, मान मागं जाते का, पूर्वी कधी भूल घेतली होती का, हे विचारायचं आणि थोडा धीर द्यायचा, हा आमचा रिवाज. बहुतेक लोक एकच विचारतात, मी परत जागा होईन ना. या माणसाचं काहीतरी निराळंच होतं.

"कसला आकडा, काका?"

"नाडीचा. दाबाचा. तुमी मघाधरनं मोजून लिवताय त्यो. मी असूस्तवर माझं मला ठावं असतंय. मी नसताना कोन बघनार?"

तेव्हा त्यांची नोकरी कळली. कृष्णेच्या काठावरच्या एका गावात पुलाच्या खांबाला फुटांची पट्टी रंगवलेली होती. पाणी कुठवर आलं ते त्या पट्टीवर बघायचं, वहीत लिहायचं आणि खालच्या गावांना फोननं कळवायचं, हे त्यांचं काम. पाटबंधारे खात्यात सत्तावीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं होतं. वय चोपन्न, हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी बायपास. बायको वारलेली, मूलबाळ नाही. संमतीच्या कागदावर नातेवाईक म्हणून सही करायला खात्याचा एक कारकून आला होता आणि सही करून दुपारच्या गाडीनं परतही गेला होता.

मी म्हटलं, "मीच बघणार. तुम्ही झोपल्यापासून उठेपर्यंत मी तुमच्या उशाशीच असते."

"सोता बघनार? का कुनी सांगितल्यावर लिवनार?"

"स्वतः."

त्यांनी मान डोलावली. मग मी भुलीचं समजावून सांगितलं. हृदयाच्या ऑपरेशनला जे मुख्य औषध देतो, ते अफूच्या जातीचं असतं. त्यानं वेदना तर जातेच, पण जिवाची धास्तीही जाते. धास्ती गेली की हृदय निवांत होतं, त्याची गती उतरते. आजारी हृदयाला ते मानवतं, म्हणून आम्ही ते भरपूर देतो. फक्त गती किती उतरू द्यायची, यावर कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं.

"अफू व्हय," ते हसले. "आमची आई भांगलायला जाताना मला अफूची गोळी चाटवून बांधावर निजवायची. म्हंजी जुनी वळख हाय म्हना."

मी निघायला उठले, तर त्यांनी थांबवलं. कुणाला सांगितलेलं नाही ते सांगतो, म्हणाले, उद्याचा काय भरवसा. एका मे महिन्यात धरणातून पाणी सोडलेलं असताना दर तासाला आकडा घ्यायचा होता. त्या दिवशी त्यांना ताप होता. आठला चार फूट पाणी होतं. नऊला खाटेवरून उठवेना, म्हणून त्यांनी घरातच अंदाजानं साडेचार लिहून फोन केला. दहाला गेले तर पाणी नऊ फुटांवर. नऊ वाजता खरं किती होतं, हे देवालाच ठाऊक. खाली नदीच्या वाळवंटात कलिंगडाची वाडी होती, राखणीला एक म्हातारी होती. ती वाहून गेली.

"चौकशी झाली की. सायबानं वही बघितली. आठला चार, नवाला साडेचार, धाला नऊ. म्हनाला, एकदम आलं पानी, मगदूम तरी काय करनार. मला कुनी काय इचारलंच न्हाई."

किती वर्षं झाली, मी विचारलं. अठरा, ते म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि आता तो विचार करायचा नाही, छान झोपा, असं काहीतरी म्हणून बाहेर पडले. तेहेतीस वर्षांची होते मी. थोपटलं की काम झालं, असं वाटायचं वय.

हे सन त्र्याण्णवच्या ऑगस्टमधलं. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी चार वर्षं होते. आमच्या भूलविभागाचे प्रमुख डॉ. अंकलीकर जूनमध्ये निवृत्त झाले होते आणि खुर्ची रिकामी होती. सर्जन डॉ. रणभिसे यांनी मला बोलावून सांगितलं होतं, "हेरवाडकर, दोन-तीन महिने बघू. गडबड झाली नाही तर विभाग तुमचा. नाहीतर ट्रस्टींच्या मनात मुंबईचा एक माणूस आहे." मला ती खुर्ची हवी होती. खोटं कशाला सांगू, फार हवी होती. लग्न केलं नव्हतं, हॉस्पिटलच्या आवारातल्या एका खोलीत राहत होते, डबा खात होते. त्या खुर्चीखेरीज माझ्या आयुष्यात वाट बघावी असं काही नव्हतं.

अंकलीकर सरांशी माझं शेवटी शेवटी जमत नव्हतं. त्यांना एक खोड होती. पेशंटला भूल देताना ते तोंडावरचा मास्क डाव्या हातानं धरत आणि त्याच हाताचं एक बोट जबड्याच्या हाडावर ठेवत. तिथं एक नाडी लागते. मॉनिटर आला, तरी बोट तिथंच. आम्हालाही तसंच करायला लावत. एकदा सगळ्यांसमोर मी म्हणाले, सर, आता मशीन आहे, बोट कशाला? ज्युनिअर फिसकन हसले. सरांनी बोट काढलं नाही.

दुसरं भांडण औषधावरून. अफूच्या जातीच्या औषधाबरोबर आम्ही स्नायू सैल करणारं एक औषध देतो. सरांचं ठरलेलं जुनं औषध होतं, त्यानं नाडी वाढते. पुस्तकात हा त्याचा दोष म्हणून लिहिलेला. नवीन निघालेलं औषध हृदयाला हातही लावत नव्हतं. ते आणावं म्हणून मी दीड वर्ष सरांच्या मागं लागले होते. सर म्हणत, चाललंय ते चालू दे. ते गेल्यावर पंधरा दिवसांत मी ते मागवून घेतलं आणि मगदूमांच्या ऑपरेशनला त्याची कुपी पहिल्यांदा फोडली.

सकाळी नऊला ते टेबलावर होते. मला बघून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं, जणू ड्युटीची पाळी माझ्या ताब्यात देत होते. औषध हळूहळू सोडलं. डोळे जड झाले, चेहऱ्यावरची ओढ गेली. नऊ दहाला नाडी छप्पन. आमच्या कागदावर दर पाच मिनिटांच्या रेघेवर एक टिंब द्यायचं असतं. मी टिंब दिलं. मग नवीन औषध दिलं आणि मास्क धरला.

मॉनिटर माझ्या पाठीमागं तिरका होता. त्याचा टिकटिक आवाज रणभिसेंना सहन होत नसे, म्हणून तो बंद ठेवलेला असे. ते स्वतः काचेपलीकडे पाठमोरे हात धूत होते. खोलीत मी आणि सिस्टर काळसेकर, दोघीच. सिस्टर नळ्या मांडत होत्या. मी श्वासाची नळी घालायच्या तयारीत उजव्या हातानं घशात बघायचा लॅरिंगोस्कोप शोधत होते आणि मनात मी कुठं होते तेही मला आठवतं. खुर्चीवर होते.

डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाखाली काही लागत नव्हतं.

चार वर्षांची सवय. बोट कशाला म्हणणारीचं बोट आपसूक जबड्यावर जाऊन बसलं होतं. मी जरा दाबून बघितलं, सरकवून बघितलं. मान वळवली, तर पडद्यावर सरळ रेघ. मग एक ठोका, मग पुन्हा रेघ.

"अॅट्रोपिन," मी नाडी चढवणारं इंजेक्शन मागितलं. सिस्टरनी सिरिंज माझ्या हातात देण्याऐवजी सरळ नळीत रिकामी केली. मी छाती दाबायला लागले. एक, दोन, तीन. मगदूमांचा चेहरा अगदी शांत होता. बांधावर निजलेल्या पोराचा असेल तसा. घड्याळात नऊ बारा. हातानं दाबत होते तेवढ्या वेळात सगळं कळलं. अफूच्या औषधानं हृदय उतरत होतं, रोज घ्यायच्या गोळ्यांनी ते आधीच उतरलेलं होतं आणि सरांचं ते जुनं औषध आपल्या दोषासकट त्याला इतकी वर्षं वर खेचून धरत होतं. मी तो दोष काढून टाकला होता.

अर्ध्या मिनिटानं ठोका आला. मग दुसरा. मग लागोपाठ. नऊ पंधराला नाडी ब्याण्णव. मी टिंब दिलं. रणभिसे हात वर धरून, कोपरांवरून पाणी निथळत आत आले आणि त्यांनी विचारलं, "तयार?"

"तयार," मी म्हणाले.

सिस्टर काळसेकर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या होत्या. दुपारी चहाच्या वेळी त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, मी काही पाहिलं नाही हं." त्यांनी ते मायेनंच म्हटलं. पण तेव्हापासून त्या खोलीत काय घडलं ते ठाऊक असलेली मी एकटीच उरले.

ऑपरेशन उत्तम झालं. कागद मी चार वेळा काढून बघितला. नऊ दहाला छप्पन, नऊ पंधराला ब्याण्णव. दोन्ही खरे. खोटं एक अक्षर नव्हतं. जे झालं, ते दोन टिंबांच्या मधल्या कोऱ्या जागेत मावलं होतं आणि तिथं कुणी बघत नाही.

चौथ्या दिवशी मगदूम अतिदक्षता विभागातून बाहेर आले. मला बघून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

"आकडा बघितलासा?"

"बघितला. सगळं नीट झालं, काका."

"सोता?"

"हो."

"मंग झालं," असं म्हणून त्यांनी समाधानानं डोळे मिटले. मी तिथून उठले ती थेट खोलीवर गेले आणि डबा न उघडता बसून राहिले. ज्याला सांगावं, असं माझ्या ओळखीत कुणीच नव्हतं. आईला भुलीतलं काय कळणार आणि मैत्रिणी सगळ्या संसारात. अंकलीकर सरांच्या निरोपसमारंभाला मी डोकं दुखतंय म्हणून गेले नव्हते.

सातव्या दिवशी, गुरुवारी, विभागातले दुसरे डॉक्टर ताम्हाणे व्हरांड्यात भेटले. हुशार मुलगा, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. म्हणाले, उद्या एका शिक्षिकाबाईंची केस आहे, डाव्या बाजूची मुख्य नळीच बारीक झालेली. "तुमचं नवीन औषध मीही वापरणार आहे. तुमचा मगदूमांचा कागद काढून बघितला. काय सुरेख गेली आहे केस."

मुख्य नळी बारीक असलेलं हृदय अर्धा मिनिट थांबलं, तर पुन्हा सुरू होईलच असं नाही. ताम्हाणेंनी बोट ठेवायची सवय कधीच सोडली होती. माझ्याच बोलण्यावर हसलेल्या ज्युनिअरांतले ते एक.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. पाय मला वॉर्डात घेऊन गेले. मगदूम खाटेवर बसून पेज पीत होते. मी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, नवीन औषधापासून कोऱ्या जागेपर्यंत आणि उद्याच्या शिक्षिकाबाईंपर्यंत. रागावतील, घाबरतील, ट्रस्टकडे तक्रार करतील, असं वाटत होतं. त्यांनी पेजेची वाटी खाली ठेवली.

"किती येळ थांबलं व्हतं?"

"अर्धा मिनिट."

"आनि लिवलं न्हाई."

"नाही."

मग म्हणाले, "मला कशापायी सांगताय, बाई? म्या तर जित्ता हाय. उद्या जिची पाळी हाय, तिच्या डाक्टरला सांगा."

"सांगितलं तर माझी जागा जाईल, काका."

"जाईल की," ते म्हणाले. "मला कुनी इचारलं न्हाई, म्हनून माझी ऱ्हायली. सत्तावीस वर्सं नोकरी झाली बगा. आजबी नवाचा आकडा म्या दोनदा उतरून बघतो."

आवाज चढला नव्हता, की समजावणीचा सूरही नव्हता. एवढं बोलून त्यांनी वाटी उचलली आणि उरलेली पेज संपवली. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. शेजारच्या खाटेवरचा पेशंट बघत होता, बघू दे म्हटलं.

रेकॉर्डच्या खोलीतून कागद घेतला. नऊ दहा आणि नऊ पंधरा यांच्या मध्ये, अगदी तळाच्या रेघेवर, लाल शाईनं एक टिंब दिलं. शेजारी वेळ लिहिली, काय दिलं ते लिहिलं, खाली सही आणि त्या गुरुवारचीच तारीख घातली. मग तो कागद घेऊन ताम्हाणेंकडे गेले आणि तिथून रणभिसेंच्या खोलीत.

रणभिसेंनी कागद दोनदा वाचला. "सात दिवस?" एवढंच विचारलं. "मी हात धूत होतो तेव्हा?" मी हो म्हणाले. त्यांनी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.

शुक्रवारी ताम्हाणेंनी जुनंच औषध वापरलं. शिक्षिकाबाई बारा दिवसांनी घरी गेल्या. जाताना त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले, मलाही एक मिळाला. मी कोण, हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मला कुणी काढलं नाही. ऑक्टोबरात मुंबईचा माणूस आला, चांगला होता. फक्त अवघड केसेस माझ्याकडे येईनाशा झाल्या आणि मी खोलीत शिरले की बोलणं जरा थांबायचं. वर्षभरात मी सांगलीला आले आणि गावातल्या नर्सिंग होममध्ये सिझेरियन, हर्निया, अपेंडिक्स यांना भूल देत राहिले. हृदयाच्या ऑपरेशनला पुन्हा उभी राहिले नाही. त्याचं वाईट वाटत नाही असं म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं.

पुणं सोडण्याआधी अंकलीकर सरांकडे जाऊन आले. ते बागेत नळीनं पाणी घालत होते. ऐकून घेतलं, आणि बोट कशाला, असं मी एकदा म्हणाले होते त्याची आठवणही त्यांनी काढली नाही. फक्त विचारलं, "कुठल्या बोटाला कळलं?" मी बोट दाखवलं. त्यांनी ते जरा वेळ हातात धरलं आणि मग पुन्हा झाडांना पाणी घालायला लागले.

पुढच्या ऑगस्टात एक पोस्टकार्ड आलं. पुण्याच्या पत्त्यावरचं, तिथून कुणीतरी पुढं पाठवलेलं. त्यावर एवढंच होतं: 'आज सकाळी ९ वाजून १२ मिनिटे. पाणी १९ फूट ४ इंच. स्वतः पाहिले. ता. मगदूम.' नऊ बारा मीच त्यांना सांगितलं होतं, पेज पीत असताना. मी उत्तरात माझा नवीन पत्ता कळवला आणि तब्येतीची चौकशी केली. तब्येतीबद्दल त्यांनी कधीच लिहिलं नाही. दर वर्षी ऑपरेशनच्या त्याच तारखेचं कार्ड, त्याच वेळेचा आकडा आणि स्वतः पाहिल्याचा शेरा. ते निवृत्त झाले तरी कार्ड येत राहिलं. पावसाळा हलका असेल त्या वर्षी सात-आठ फूट, जोराचा असेल त्या वर्षी तीस. माझ्याकडे अशी एकोणीस कार्डं आहेत. वर्षभरात मला येणारं हातानं लिहिलेलं टपाल तेवढंच असे.

विसाव्या वर्षी कार्ड आलं नाही. मी महिनाभर वाट पाहिली, मग त्यांच्या गावच्या पोस्टमास्तरांना फोन केला. तातोबा मगदूम माघात वारले, असं ते म्हणाले. आपण त्यांच्या कोण, असं त्यांनी विचारलं.

त्याच्या पुढच्या ऑगस्टात, त्या तारखेला, मी सकाळी गाडी काढली आणि त्या गावी गेले. सांगलीहून तासाभराचा रस्ता, इतक्या वर्षांत एकदाही गेले नव्हते. पुलावर आता एक पेटी बसवलेली आहे, वर सौर पट्टी. पाणी तीच मोजते आणि तीच कळवते. खाली उतरायच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, चपला काढून हातात घेतल्या आणि कडेला धरून धरून उतरले.

खांबावरची पट्टी होती, पण पाण्याच्या रेघेपाशी तिच्यावर चिखल बसला होता. वरून आकडा दिसेना. शेवटची पायरी उतरले, साडी गुडघ्यापर्यंत भिजली, खांब धरून मी चिखल हातानं पुसला आणि रंगाची कड बोटाला लागेपर्यंत पुसत राहिले. नऊ बारा झाले होते.

वर येऊन पुलाच्या कठड्यावर पोस्टकार्ड ठेवलं आणि लिहिलं. 'सकाळी ९ वाजून १२ मिनिटे. पाणी १४ फूट २ इंच. स्वतः पाहिले.' खाली नाव घातलं. पत्ता कुणाचा घालावा, ते सुचेना. माणसं पुलावरून जात होती, कुणी थांबलं नाही. बऱ्याच वेळानं मी माझाच पत्ता घातला आणि कार्ड गावातल्या पेटीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी ते आलं. पोस्टमननं नेहमीसारखं दारातून आत सरकवलं.